तोट्यात माग चालवावेत का?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची समज तपासणारा एक जुना प्रश्न आहे : भाव एकूण खर्चाच्या खाली गेला, तर कारखाना लगेच बंद करावा का? घोकंपट्टीवाला 'हो' लिहितो आणि गुण गमावतो. मागवाल्या बंधूंनी हिशेब पाहावा.

समजा, शेडचे भाडे महिना १५,००० रुपये. सूत, मजुरी, वीज धरून मीटरला खर्च २० रुपये, भाव २१. महिन्याला १०,००० मीटर विकले, तर १०,००० रुपये सुटतात. भाडे वजा जाता तोटा ५,०००. माग बंद ठेवले तरी भाडे द्यावेच लागते, तोटा १५,०००. म्हणजे तूर्त माग चालवणेच बरे.

भाव २० च्या खाली उतरला, की मात्र दर मीटरला तोटा वाढतो; तेव्हा थांबावे. भाडेकरार संपताना हिशेब पुन्हा मांडावा, कारण तेव्हा भाडेही वाचवता येते.