पत्ता हरवलेले रूल

शनिवार-रविवारी ऑफिसच्या संगणकांवर आउटलुकची नवी आवृत्ती चढते आणि सोमवारी सकाळी आयटीवाल्यांचा फोन वाजायला लागतो. तक्रार बहुधा एकच असते : मेल येत नाहीत. मेल आलेले असतात. फक्त ते इनबॉक्सच्या ढिगाऱ्यात पडलेले असतात, कारण त्यांना उचलून 'जीएसटी' किंवा 'व्हेंडर'च्या फोल्डरात टाकणारा रूल बंद पडलेला असतो. 'रूल्स अँड अलर्ट्स'ची खिडकी उघडली की तो यादीत दिसतो, पण लाल अक्षरांत.

मेल आपोआप लावून ठेवण्याची ही यंत्रणा तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये थॉमस मलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इन्फर्मेशन लेन्स' नावाची प्रणाली उभी केली आणि 1987 मध्ये तिच्यावर निबंध छापला. 'अशा मेलचं असं कर' हे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसालाही सांगता यावं, ही कल्पना त्यात होती. युनिक्सवाल्यांना 1990 पासून 'प्रोकमेल' मिळालं. त्यातल्या नियमांना रेसिपी म्हणत आणि एखादं चिन्ह चुकलं तर मेल कुठल्या कुठे जाई. आउटलुकने हे काम माउसच्या टिचक्यांवर आणलं. 98 आणि 2000 या आवृत्त्यांत त्याला 'रूल्स विझार्ड' म्हणत आणि सगळे रूल 'आरडब्ल्यूझेड' शेपटीच्या फाइलमध्ये राहत. 2002 च्या आवृत्तीपासून ते मेलबॉक्सच्याच पोटात गेले. पण रूल बाहेर काढून ठेवायचे झाले तर फाइल अजूनही आरडब्ल्यूझेडच तयार होते.

आता लाल अक्षरांकडे येऊ. तुम्ही रूल करता तेव्हा 'व्हेंडर' नावाचं फोल्डर निवडता; आउटलुक मात्र त्या फोल्डरचा लांबलचक अंतर्गत क्रमांक लिहून ठेवतं. सातबाऱ्यावर 'आंब्याखालचं शेत' सापडत नाही, गट नंबर सापडतो, तसंच हे. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा जमीन जागेवरच होती, जुना कागद तेवढा निरुपयोगी झाला. अपग्रेडमध्ये नेमकं हेच घडतं. संगणकावर मेल साठवणाऱ्या जुन्या पीएसटी फाइलमधला मजकूर नव्या फाइलमध्ये आयात केला की त्याच नावाच्या फोल्डरांना नवे क्रमांक मिळतात. फाइल जशीच्या तशी उचलून डी ड्राइव्हवरून सी ड्राइव्हवर ठेवली तरी भानगड होऊ शकते, कारण पीएसटीच्या ओळखीतच तिचा ड्राइव्हवरचा पत्ता गुंफलेला असतो. फोल्डर डोळ्यांसमोर आहे, नाव तेच आहे, आणि आउटलुक म्हणतंय सापडत नाही!

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. रूलवर टिचकी मारायची, खालच्या चौकटीतल्या अधोरेखित फोल्डरनावावर जायचं, तेच फोल्डर पुन्हा दाखवायचं, 'अप्लाय' करायचं. मग 'रन रूल्स नाऊ'ने तुंबलेल्या मेलांवर तो रूल एकदा फिरवायचा. पुष्कळजण वैतागून थेट 'आउटलुक डॉट एक्सई स्लॅश क्लीनरूल्स' ही आज्ञा देतात. त्याने चुका जातात हे खरं, पण चांगले-वाईट सगळेच रूल पुसले जातात, संगणकावरचे आणि सर्व्हरवरचेही. आधी रूलची निर्यात केलेली नसेल तर मागे वाट नाही.

दुसरा गोंधळ जास्त चकवणारा. कंपनीत एक्स्चेंज सर्व्हर असेल तर रूलच्या दोन प्रती असतात. एक सर्व्हरच्या तक्त्यात, जिच्यावरून तो तुमचा संगणक बंद असतानाही काम करतो. दुसरी मेलबॉक्समधल्या एका लपलेल्या नोंदीत, जी आउटलुक आपल्यासाठी ठेवतं. अपग्रेडनंतर या दोहोंचं जुळेना झालं की प्रश्न येतो : संगणकावरचे रूल ठेवू की सर्व्हरवरचे? एकच संच राहील. लोक घाईत पहिलं दिसेल ते बटण दाबतात आणि हा प्रश्न आला होता हेही त्यांच्या लक्षात राहत नाही. ज्या संगणकावर तुम्ही रूल करता, बदलता, तिथे हा प्रश्न आला तर माझं मत संगणकाच्या बाजूने. दुसऱ्याच्या किंवा जुन्या लॅपटॉपवर आला तर सर्व्हरच्या.

'रूल सर्व्हरवर चढवता आले नाहीत, बंद केले आहेत' असा निरोप आला तर आधी जागेचा संशय घ्यावा. एक्स्चेंज 2003 पर्यंत एका मेलबॉक्सच्या सगळ्या रूलना मिळून 32 केबी मिळत. 2007 मध्ये ती मर्यादा 64 झाली आणि आता ऑनलाइन सेवेत 256 केबी आहे. जुन्या सर्व्हरवर रूलची लांबलचक नावं तोकडी केली तरी काम भागायचं. हास्यास्पद वाटेल, पण मायक्रोसॉफ्टचाच तो सल्ला होता.

काही रूल मात्र बिघडलेले नसतात, मुद्दाम बंद केलेले असतात. मेल आला की एखादी स्क्रिप्ट चालवायची, ही सोय अनेक हिशेबनिसांनी जोडपत्रं आपोआप उतरवून घेण्यासाठी वापरली. 2017 मधल्या सुरक्षा अपडेटनंतर ती आउटलुक 2013 आणि 2016 मधून गायब झाली. चोरलेल्या पासवर्डने शिरलेला माणूसही असा रूल लावून तुमच्या संगणकावर हवं ते चालवू शकत होता, हे त्यामागचं कारण. रजिस्ट्रीत एक नोंद करून ती परत आणता येते. त्या नोंदीच्या नावातच 'अनसेफ' हा शब्द आहे, तेव्हा आयटीवाल्याने नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नये.

यादी उघडलीच आहे तर आपण न केलेला रूल कुठे दिसतो का, हे बघावं. 'क्लिअर कॅटेगरीज ऑन मेल' दिसला तर दचकू नका. तो 2007 पासून आउटलुक स्वतःच टाकतं. पण 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेले मेल गुपचूप आरएसएसच्या फोल्डरात ढकलणारा रूल सापडला, तर तो अपग्रेडचा प्रताप नाही, खात्यात शिरलेल्या चोराचा असू शकतो. ताबडतोब पासवर्ड बदला आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याला फोन करा, मेल नव्हे.