दुसरे दार नसलेला ग्राहक

ग्राहक हा राजा असतो, असे आपल्याला सांगितले जाते. राजा कोणाला म्हणावे? जो नाराज झाला तर समोरच्याला काही गमवावे लागते, त्याला. या कसोटीला आजचा ग्राहक उतरतो काय? आणि त्यातही वस्तीत राहणारा, हातावर पोट असणारा ग्राहक उतरतो काय? हा प्रश्न मला एका शिष्यवृत्तीच्या अर्जाने विचारायला लावला. तो माझ्या एकट्याच्या वैतागाचा असता तर येथे मांडला नसता.

माझ्या वर्गातील एक मुलगी अर्ज भरत होती. अर्जाला आधार क्रमांक लागतो आणि आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. घरात मिळून एकच मोबाईल. त्याचा रिचार्ज संपलेला, म्हणून येणारे संदेशही बंद. तिने उसने पैसे घेऊन रिचार्ज केला. फोन लागू लागला, पण संदेश येईना. मी माझ्या फोनवरून कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन केला. यंत्र बोलत राहिले: हे हवे असेल तर एक दाबा, ते हवे असेल तर दोन दाबा. माणूस काही भेटला नाही. शेवटी तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी कंपनीचा संदेश आला की आपली तक्रार सोडविण्यात आली आहे. तो संदेश माझ्या फोनवर आला. तिच्या फोनवर संदेश येत नाहीत, हीच तर तक्रार होती!

"सर, कंपनीच बदलून टाकू," ती म्हणाली. मग आम्ही हिशेब मांडला. दुसऱ्या कंपनीची रेंज तिच्या वस्तीपर्यंत पोचत नव्हती. तिसरीचे दर जवळजवळ तेच. शिवाय क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची पहिली पायरी म्हणजे मोबाईलवरूनच संदेश पाठवून संकेतांक मागवणे, आणि तो संकेतांकही संदेशानेच यायचा.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. आपल्या देशात मोबाईल सेवा १९९५ साली सुरू झाली. २०१२ च्या सुमारास या धंद्यात दहा-बारा कंपन्या होत्या. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हा काही गेल्या. २०१६ साली एका नव्या बलाढ्य कंपनीने आधी फुकट आणि मग अत्यंत स्वस्त सेवा देऊन बाजारात प्रवेश केला. त्या दरयुद्धात कर्जाखाली दबलेल्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या किंवा दुसरीत विलीन झाल्या. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या. उरल्या तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल-एमटीएनएल. स्वस्ताईचा काळ आपण सर्वांनी उपभोगला. पण त्या स्वस्ताईत आपले पर्याय संपत होते, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

पुढचा क्रम पाहावा. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४, अशा तीन वेळा तिन्ही खाजगी कंपन्यांनी थोड्या दिवसांच्या अंतराने दर वाढवले. २०२४ साली दोघींनी ३ जुलैला आणि तिसरीने ४ जुलैला. यात संगनमत होते असा आरोप मी करीत नाही. मला उलट असे म्हणायचे आहे की, विक्रेते तीनच असले म्हणजे संगनमताची बैठक भरवावी लागत नाही. एकाने दर वाढवले की दुसऱ्याला कळते, आपणही वाढवले तरी गिऱ्हाईक जाणार कोठे? सेवेचेही तेच. तक्रार केंद्रावर माणसे बसवायला पैसा लागतो. गिऱ्हाईक सुटण्याची भीती असेल तर तो पैसा खर्च होतो. भीती नसेल तर यंत्र पुरते.

महिन्याचा रिचार्ज २८ दिवसांचा का? २८ दिवसांचे तेरा भाग केले की ३६४ दिवस होतात. म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ साली तीस दिवसांचा निदान एक तरी रिचार्ज ठेवण्याचे बंधन घातले. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला आणखी एक आदेश काढावा लागला होता. स्वस्त रिचार्जमध्ये संदेश पाठवण्याची सोयच नसे. त्यामुळे कंपनी सोडण्याचा संदेशही गरिबाला पाठवता येत नव्हता. तो संदेश प्रत्येकाला पाठवता आला पाहिजे, असे ट्रायला सांगावे लागले. बाहेर पडण्याच्या दाराची किल्लीही महागड्या रिचार्जमध्ये ठेवलेली होती, असा याचा अर्थ.

आता हा प्रश्न या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. दुसरे दार नसणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. १९३० सालच्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे चालते ते नोंदलेले आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांचे काम बंद, वाट बंद आणि गावच्या वाण्याकडचा मालही बंद. हे हत्यार जातीच्या हातात होते; पण त्याला धार आली होती ती गावात दुसरा वाणी नव्हता म्हणून. शहरात आलेल्या आपल्या माणसाला पहिली मोकळीक मिळाली ती याच ठिकाणी. एका दुकानदाराने तोंड वाकडे केले तर त्याला पुढच्या दुकानात जाता येऊ लागले. पैशाला जात नसते असे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ते दुकाने अनेक असतील तोवरच.

कंपनीला आपली जात ठाऊक नाही, हे मला मान्य आहे. बहिष्काराची क्रूरता आणि यंत्राची बेपर्वाई एकाच मापाने मोजू नये. पण बेपर्वाईचा मार सर्वांना सारखा बसत नाही. ज्याच्या घरी दोन मोबाईल आणि वायफाय आहे, त्याची चार दिवस गैरसोय होते. ज्याच्या घरी एकच मोबाईल आहे, त्याची शिष्यवृत्ती अडते, मजुरीचा निरोप चुकतो.

मग सर्व सरकारच्या हाती द्यावे काय? १९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले होते. राज्य बाजूला झाले की गरीब स्वतंत्र होत नाही, तो खाजगी मालकाच्या हुकमतीखाली जातो, हे त्यांचे म्हणणे आजही खोडता येत नाही. परंतु सरकारी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेली पिढीही आपण पाहिली आहे. मक्तेदाराची पाटी बदलली म्हणून ग्राहकाचा मान आपोआप वाढत नाही. तरीही जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर काही महिने लोक बीएसएनएलकडे वळले, कारण तिने दर वाढवले नव्हते. चौथे दार उघडे असण्याचा हा उपयोग. पण त्याच कंपनीची फोर-जी सेवा देशभर सुरू व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. सार्वजनिक दार नुसते असून भागत नाही, ते धड चालले पाहिजे, ही मागणी आपल्या चळवळीची असली पाहिजे.

तोवर काय करावे? जेथे सोडून जाता येत नाही, तेथे दाद मागण्याची जागा घट्ट धरावी लागते. पहिली तक्रार कंपनीकडे करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. त्याला शुल्क नाही. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिफोनची भांडणे ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, अशी अडचण २००९ च्या एका निकालाने उभी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती दूर केली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सारखेच गाऱ्हाणे असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. ही शेवटची तरतूद कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. एकट्याचा रिचार्ज दोन-तीनशेचा. तेवढ्यासाठी कोणी खेटे घालीत नाही, आणि कंपनीला हे पक्के ठाऊक असते. संघटित होण्याचा अर्थ येथे अगदी व्यवहारी आहे.

त्या मुलीचा अर्ज शेवटी गेला, तो मुदत वाढली म्हणून. मुदत वाढणे हा काही तिचा हक्क नव्हता. त्यानंतर आम्ही वसतिगृहात एक वही ठेवली आहे. कोणाची सेवा केव्हा बंद पडली, तक्रार क्रमांक काय, उत्तर काय आले, हे ज्याने त्याने त्यात लिहायचे. पहिली नोंद त्या मुलीनेच केली. "तक्रार सोडविण्यात आली" हे कंपनीचे शब्द तिने जसेच्या तसे उतरवले आणि पुढे तारीख घालून लिहिले: "सुटली नाही."