देवाच्या नावाचा अर्ज

प्रार्थना हा विषय या पानांवर दिसला की आपल्यातल्या काही कार्यकर्ते मित्रांच्या कपाळाला आठी पडणार, हे मी गृहीत धरतो. माझ्याही पडली होती. मी बौद्ध. मांडव्याच्या बौद्धवाडीत वाढलो, शिक्षकी करून निवृत्त झालो. आमच्या विहारात वंदना होते. तिच्यात कुणाकडे काही मागणे नसते. मागायचेच असेल तर ते शासनाकडे, आणि तेही अर्ज करून, मोर्चा काढून. आकाशाकडे हात पसरून नव्हे, याच शिकवणुकीत माझी पिढी घडली. तरीही गेली दोन वर्षे मी ख्रिस्ती प्रार्थनेचा विचार करतो आहे. त्याला कारण एक अर्जच आहे.

मांडवा आता पूर्वीचे राहिलेले नाही. गेटवेहून लाँचने तासाभराचे हे गाव. पावसाळ्यात लाँच बंद झाली की आम्ही मुंबईपासून तुटायचो. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि माणसे मोटारींसकट समुद्र ओलांडू लागली. भातखाचरे आणि नारळ-सुपारीच्या वाड्या बंगल्यांच्या कुंपणात जाणे त्याआधीपासूनच चालू होते. त्याला वेग आला. बंगला म्हटला की माळी आला, स्वयंपाकीण आली, रखवालदार आला. जमीन विकून त्याच जमिनीवर माळी म्हणून राबणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्यांच्याकडे विकायला जमीनच नव्हती ते आधीपासूनच राबत होते. काही कुटुंबे घाटावरून आली. त्यांत चार-सहा घरे ख्रिस्ती.

त्यांतली एक बाई नगर जिल्ह्यातली, आताच्या अहिल्यानगरची. गाव तिला मावशी म्हणते. एका बंगल्यावर स्वयंपाक करते, मागच्या खोलीत राहते. रविवारी दुपारी मालकमंडळी परतीच्या बोटीला लागली की त्या खोलीत ही घरे जमतात, गीते गातात, प्रार्थना करतात. महिन्यातून एकदा बाहेरगावचे पाळक येतात. एका संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली.

“गुरुजी, तुम्ही समद्यांचे अर्ज लिवता. आमचा बी एक लिवा.”

“कुणाच्या नावाने?”

“देवाच्या.”

मी हसलो. ती हसली नाही. पाळकांनी सांगितले होते की पुढच्या खेपेस आपल्या भागाच्या अडचणींसाठी प्रार्थना करू, तेव्हा प्रत्येकाने अडचणी लिहून आणा. तिला लिहिता येत नव्हते.

यावर मी वाचायला बसलो. आयुष्यभराची खोड. कळले ते असे. ख्रिस्ती उपासनेत दुसऱ्यांसाठी मागण्याचा एक स्वतंत्र भाग असतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात, कॅथलिक मिस्सेत विश्वासू जनांची प्रार्थना. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनने रोममधल्या रविवारच्या सभेचे वर्णन करून ठेवले आहे. त्यात वाचन आणि उपदेश झाल्यावर सारे लोक उभे राहून प्रार्थना करतात. पुढे कॅथलिक मिस्सेतून हा भाग शुभ शुक्रवारचा अपवाद सोडता जवळजवळ लोपला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो पुन्हा आणला. त्याला एक क्रम आहे: आधी ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जग, मग कोणत्याही संकटाने गांजलेले, आणि शेवटी स्थानिक समाज. एकेक मागणी वाचली जाते आणि सारे मिळून ‘ऐकून घे’ अशा अर्थाचे उत्तर देतात.

क्रम पाहून मला आमचे ठराव आठवले. पन्नास वर्षे सभांतून ठराव लिहीत आलो आहे; रचना फारशी वेगळी नाही. वर्तमानपत्र ज्याची दखल घेत नाही, तलाठी ज्याची नोंद करत नाही, ते या भागात चार लोकांसमोर मोठ्याने उच्चारले जाऊ शकते. देव ऐकतो की नाही, या वादात मी शिरत नाही. शेजारी बसलेला माणूस ऐकतो, एवढे मला पुरेसे आहे. आणि शेजाऱ्याने काय ऐकावे हे कोण ठरवतो, तिथे खरी मेख आहे.

हा भाग लोकांच्या भाषेत असेल तरच त्याला अर्थ. आमच्याच तालुक्याच्या दक्षिणेला, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले. किल्ल्याखालची ख्रिस्ती वस्ती मागे राहिली, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिसळणीतून झालेली आपली बोली तिने आजवर घरात जपली आहे. ती टिकली त्याचे कारण अभ्यासक सांगतात ते असे, की धर्माने आणि जातीने ही माणसे शेजाऱ्यांपासून वेगळी राहिली, रोटीबेटी झाली नाही. म्हणजे गावकुसाने एक भाषा राखली! असो. त्या चर्चची उपासना कित्येक पिढ्या लॅटिनमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये चालली. परिषदेनंतर लोकभाषांना दार उघडले, मराठी आली. लॅटिनमध्ये डोलीच्या सुक्या जाळ्याची तक्रार कशी करणार? मराठीत ती करता येते.

अशी प्रार्थना मंदिराबाहेर पडून रस्त्यावर आली, असे उदाहरण महाराष्ट्रात आहे. वसईत टँकरवाल्यांचा पाणीउपसा आणि बिल्डरांची जमिनीवरची झडप यांविरुद्ध १९८८-८९ मध्ये हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व एका धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. पाणी आणि जमीन हे प्रश्न वेदीसमोर आणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, याबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वसईच्या बागायतदाराला वाडी होती, विहीर होती. गमावण्यासारखे काही होते. त्याचे दुःख प्रार्थनेत लवकर येते, कारण चर्चचा पुढचा बाक त्याचा असतो. मावशीची खोलीदेखील मालकाची. नोकरी गेली की छप्पर गेले. तिचे गाऱ्हाणे कोणत्या बाकावरून उठणार?

तर मी अर्ज लिहिला. तिने सांगायचे, मी लिहायचे. उन्हाळ्यात बंगल्याच्या तलावात पाणी असते आणि वाडीला टँकरची वाट पाहावी लागते, हे पहिले. कोळ्यांच्या जाळ्यांबद्दल तिने आपणहून सांगितले. मासळी तिच्या चुलीवर येते, म्हणून तिला ठाऊक. बंगल्यांवर राबणाऱ्यांना हजेरीपुस्तक नाही, आजारपणाची रजा नाही. कातकऱ्यांच्या झोपड्या ज्या जागेवर आहेत ती जागा त्यांच्या नावावर नाही. हे सारे झाल्यावर ती थांबली. मग म्हणाली, “अजून एक हाय. आमच्या जातीमुळं आमचं पाणी जिथं वेगळं ठेवत्यात, त्यांच्यासाठी. ख्रिस्ती घरांत बी ठेवत्यात, ते बी लिवा.”

मी तिच्याच शब्दांत लिहिले.

पाळक आले. त्यांनी कागद वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली. ख्रिस्तात जात नाही, म्हणाले. त्याऐवजी दीनदुबळ्यांसाठी असे म्हणू. माणूस वाईट नव्हता. मावशीच्या मुलाच्या शाळेची फी त्यांनी एकदा भरली होती. म्हणूनच मला ती रेघ जास्त लागली.

कारण हेच वाक्य त्या बाईने आधी एकदा ऐकले होते. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेली असता तिथल्या बाबूनेही तेच सांगितले होते: ख्रिस्ती ना, मग जात कसली? चर्चचे दार आणि कचेरीचे दार, दोन्हींवर एकच उत्तर.

इथे कायदा समजून घेतला पाहिजे. विद्यार्थी मित्रांनी तर विशेषच. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना आत घेतले. महाराष्ट्रात आम्हा बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून होत्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी आमच्या मुलांनी तीस वर्षे जास्तीची वाट पाहिली. ती वाट पाहणे मी अनुभवले आहे, म्हणून ख्रिस्ती दलितांचे दुःख मला परके वाटत नाही. ते अजून बाहेरच आहेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही अनुसूचित जाती-जमातींपुरता. ख्रिस्ती झालेल्या मातंगाला कुणी जातीवरून शिवी घातली तर त्या कायद्याचा आधार त्याला नाही. शिवी देणारा मात्र त्याचा धर्म विचारून शिवी देत नाही.

सूसाई नावाचा मद्रासमधला एक चांभारकाम करणारा आदि द्रविड. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवायचा. सरकारने चर्मकारांना मोफत टपऱ्या दिल्या, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने जे म्हटले त्याचा आशय असा: जात धर्मांतरानंतर टिकते एवढे दाखवून भागणार नाही, ख्रिस्ती समाजाच्या आतही तीच सामाजिक-आर्थिक दुर्बलता तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, याचा पुरावा हवा. तो पुरेसा आला नाही, सूसाई हरला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये हाच प्रश्न तपासण्यासाठी के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

आता ती पेन्सिलीची रेघ पुन्हा पाहा. न्यायालय म्हणते, समाजाच्या आतला पुरावा आणा. आणि समाजाच्या आत, दर रविवारी, दुःख मोठ्याने सांगण्याची जी एक जागा आहे तिथे ‘दीनदुबळे’ लिहिले जाते. दीनदुबळा तर मंदीत बुडालेला व्यापारीही असतो. या शब्दाला पाणी वेगळे ठेवलेला माठ दिसत नाही. ज्या शब्दाने कुणावरच आरोप होत नाही, तो शब्द सर्वांना सोयीचा असतो. पाळकांना, मालकांना आणि कचेरीलाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी बोलून दाखवले होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी ख्रिस्ताविषयी आदर व्यक्त केला, आणि त्याचबरोबर ख्रिस्ती झालेले अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभे राहत नाहीत, ही तक्रार स्पष्ट मांडली. त्याच महिन्यात मुंबईत कौन्सिल हॉलवर कोकणातल्या खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली गेला. आमच्या तालुक्यात तर तेव्हा चरीचा संप चालू होता. १९३३ ते १९३९ कुळांनी जमीन कसली नाही. ओस खाचरे हेच त्यांचे मागणे होते.

परंतु ख्रिस्ती परंपरेत नाव घेऊन मागण्याची रीत नाही, असे कुणी समजू नये. उलट आहे. अरविंद निर्मल या मराठी ख्रिस्ती विचारवंताने १९८१ मध्ये बंगळूरला शूद्रांच्या धर्मचिंतनावर व्याख्यान दिले. दलित धर्मचिंतनाचा आरंभ तिथून मानतात. पुढे त्याने बायबलमधल्या अनुवादाच्या २६ व्या अध्यायाचा आधार घेतला. तिथे शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीसमोर उभा राहतो आणि आपली कहाणी सांगतो: बाप भटका होता, परमुलखात गेला, तिथे वेठबिगार लादली गेली, आम्ही आक्रोश केला. निर्मल म्हणतो, माझ्या दलित पूर्वजाला तर भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते, त्याला गावाबाहेर टाकले होते. या प्रार्थनेत दीनदुबळे नाहीत. कोण, कुठे, कुणाखाली राबला, हे आहे.

आणि २०१३ च्या जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याचा जो प्रार्थना-सप्ताह जगभर पाळला जातो, त्याचा मजकूर भारतातल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने तयार केला होता. विषय दलितांवरचा अन्याय. रोमपासून जिनिव्हापर्यंत ज्यांनी तो सप्ताह पाळला, त्यांच्या उपासनेत दलित हा आपला शब्द होता. भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करून चर्चच्या आतला जातिभेद कबूल केला आणि त्याला पाप म्हटले. नोव्हेंबरातला दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून दोन्ही पंथांच्या शिखर संस्था २००७ पासून पाळतात. हे सारे छापील आहे. मांडव्याच्या बंगल्यामागच्या खोलीत ते पोहोचले नव्हते.

मी ते पोहोचवले, एवढेच माझे काम. मराठीत दोन पाने लिहून काढली आणि मावशीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, “म्हंजी माझी ओळ चुकली नव्हती?”

“नव्हती.”

पुढच्या महिन्यात पाळक आले तेव्हा ती दोन पाने तिने त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ वाचत बसले, असे ती सांगते. ओळ त्यांनी स्वतः वाचली नाही. प्रार्थना संपवताना मात्र विचारले, कुणाला आणखी काही मागायचे आहे का. तेव्हा तिने ती ओळ तोंडपाठ म्हटली, माठासकट. उत्तर द्यायला चारच जण होते. त्यांतल्या दोघांनी दिले.

तो कागद आता माझ्याकडे आहे. आयोगाला पाठवायच्या निवेदनाला तो जोडायचा विचार आहे. मावशीचा अंगठा घ्यायचा होता, पण ती म्हणते थांबा, सही शिकते आहे.