जन्मजात तीळ आणि त्वचेचा कर्करोग

नवजात बालकाच्या अंगावर काळसर डाग दिसला की घरात पहिली विचारणा होते ती आईकडे. ग्रहणात तिने काही चिरले होते काय, असा प्रश्न आजही केला जातो. वस्तुतः गर्भावस्थेच्या आरंभीच त्वचेतील रंगपेशींच्या जनुकात आपोआप बदल घडतो आणि त्या पेशी एका जागी दाटतात. यात आईचा दोष नाही. ग्रहणाचा तर नाहीच.

सुमारे १०० नवजात बालकांत एकास असा तीळ असतो. तो लहान असल्यास कर्करोगाचा संभव फार थोडा, आणि तोही बहुधा वयात आल्यानंतर. कमरेखाली दिसणारा निळसर, सपाट डाग निराळा. तो बहुधा बालपणीच मावळतो.

काळजीचा विषय आहे तो मोठ्या तिळाचा. पूर्ण वाढीनंतर ज्याची रुंदी २० सेंटिमीटरहून अधिक होईल असा, बहुधा केसाळ तीळ सुमारे २०,००० बालकांत एखाद्यास आढळतो. अशा १०० जणांपैकी सुमारे दोन ते पाच जणांना ‘मेलॅनोमा’ हा घातक कर्करोग होऊ शकतो, आणि पुष्कळदा तो बालवयातच होतो. ‘मुलगी मोठी झाली की पाहू’ हे धोरण येथे चालत नाही. रोगाची गाठ अनेकदा त्वचेच्या खोल थरात मूळ धरते. म्हणून तीळ नुसता पाहून भागत नाही, बोटांनी चाचपावाही लागतो. मुलाच्या अंगाबरोबर तीळ वाढणे स्वाभाविक आहे. मात्र त्यात नवी गाठ येणे, एखाद्याच भागाचा रंग पालटणे, कडा वेडीवाकडी होणे, रक्त येणे किंवा न भरणारी जखम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे.

चुना वा तेजाब लावणे, घोड्याच्या केसाने तीळ आवळणे हे उपाय घातक आहेत. वरचा भाग गळतो, रोग आत राहतो आणि तपासणीसाठी तुकडाही हाती लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याअन्वये पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा बालकांची तपासणी करतात. परंतु असा डाग बहुधा कपड्यांखाली असतो आणि मूल तो लाजेने लपविते. शिक्षकांना तो ठाऊक असल्यास त्यांनी पालकांशी बोलून पथकाला आडोशाला दाखवावा. शेजारी मोजपट्टी धरून पालकांनी दर काही महिन्यांनी छायाचित्र घेतल्यास पुढील तपासणीत डॉक्टरांना तुलना करता येते.