मायक्रोवेव्ह लहरी आणि रासायनिक क्रिया

मायक्रोवेव्ह भट्टींत दुधाचा पेला मिनिट-दीड मिनिटांत वाफाळतो, हें आतां पुष्कळ घरांतील मुलांच्या परिचयाचें आहे. परंतु याच भट्टीनें रसायनशाळेंत पाऊल ठेवून तेथें एक मोठा वाद उत्पन्न केला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ती आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

चुलीवर आधीं पातेलें तापतें, मग त्यास लागलेलें पाणी, व मग बाकीचें. या लहरी मात्र काचेच्या पात्रांतून आरपार जाऊन द्रवाच्या रेणूंसच गांठतात. पाण्याच्या रेणूचें एक अंग किंचित् धनविद्युत् व दुसरें ऋणविद्युत् असतें. भट्टींतील विद्युत्क्षेत्र सेकंदास सुमारें २४५ कोटी आंदोलनें करितें. रेणु त्याबरोबर वळूं पाहतात, शेजाऱ्यांच्या गर्दींत मागें पडतात, आणि या घासाघाशींतून उष्णता निघते. म्हणून पाणी व मद्यार्क हे विद्रावक झटपट तापतात. हेक्झेनच्या रेणूंस अशीं विषम अंगें जवळजवळ नसतात. तें फारसें तापत नाहीं.

इ. स. १९८६ मध्यें कॅनडा व अमेरिका येथील दोन संशोधक-मंडळांनीं आपापले निबंध प्रसिद्ध केले. एरवीं तासचे तास चालणाऱ्या क्रिया घरगुती भट्टींत मिनिटांत उरकल्या होत्या! मग लहरींच्या अंगीं उष्णतेहून निराळी कांहीं शक्ति असून ती रेणूंचे बंध तोडते, असें कित्येकांस वाटूं लागलें. परंतु हिशेब जुळत नाहीं. या लहरींच्या एका मोल कणांची शक्ति सुमारें १ जूल. आणि कार्बन-कार्बन बंध तोडावयास मोलास सुमारें साडेतीन लाख जूल लागतात.

मग वेग आला कोठून? साधा मद्यार्क ७८ अंशांस उकळतो व तेथेंच अडतो. बंद पात्रांत मात्र, कुकरांतल्याप्रमाणें दाब वाढून, तो १६० अंशांपर्यंत नेतां येतो. दर १० अंशांस क्रियेचा वेग अदमासें दुप्पट होतो, असा ठोकळ नियम आहे. ८० पासून १६० पर्यंत आठ वेळां दुप्पट, म्हणजे २५६ पट. आठ तासांचें काम दोन मिनिटांत! पाटीवर ताडून पाहावें.

ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील काप्पे व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं एक सुंदर युक्ति योजिली. सिलिकॉन कार्बाइडचें पात्र लहरी स्वतःच शोषून तापतें. आंतील द्रवास त्या जवळजवळ पोंचत नाहींत. तरीही, उष्णतामान सारखें ठेविलें असतां, फळ बहुधा काचेच्या पात्रांतल्यासारखेंच निघालें. आमच्या मतें गूढ शक्तीच्या कल्पनेहून हा प्रयोगच अधिक मनोहर आहे.

अन्न या भट्टींत किरणोत्सर्गी होतें ही पालकांची भीति यामुळें निराधार ठरते. काळजी घ्यावयाची ती निराळीच. गुळगुळीत पेल्यांत नुसतें पाणी फार वेळ तापविल्यास बुडबुड्यांस उठावयास खरबरीत जागा मिळत नाहीं, व तें १०० अंशांपलीकडे जाऊनही शांत दिसतें. मग चमचा किंवा चहाची पूड पडतांच एकदम उसळून अंगावर येतें. अशा पेल्यांत आधींच एखादी लांकडी काडी ठेवावी. प्रयोगशाळेंतील मद्यार्क वगैरे द्रव तर या भट्टींत कधींही ठेवूं नयेत. त्यांची वाफ आंत कोंडून पेट घेऊं शकते.