जुने जाळे कुणाचे?

प्लॅस्टिकचा कचरा म्हटले की पिशव्या आणि बाटल्या आठवतात. सातपाटीसारख्या मासेमारीच्या गावात हा विचार जाळ्यापासून सुरू करावा, असे मला वाटते. ज्या पापलेटसाठी हे गाव ओळखले जाते, त्याला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. ते पकडणारे जाळे मात्र आता प्लॅस्टिकचे आहे. पूर्वीचे सुती किंवा सणाचे जाळे कुजून जाई. नायलॉन कुजत नाही. समुद्रात तुटून राहिलेले जाळे धन्याशिवायही मासे आणि कासवे धरत राहते.

कोळी या कचऱ्याचा कर्ता आहे, तसा बळीही. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोलीत माशांबरोबर पिशव्याही भरतात. कचरा खाडीकाठच्या शहरांचा, निवडण्याचे कष्ट कोळ्यांचे.

जुन्या जाळ्याचा पुनर्वापर का अडतो? कारण त्यात एकच प्लॅस्टिक नसते. जाळे नायलॉनचे, तर दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. डोलीचा धागा पॉलिथिलीनचा. नायलॉन पाण्यात बुडते, बाकीची दोन्ही तरंगतात. नायलॉन-6 रासायनिक प्रक्रियेने पुन्हा मूळ घटकात, कॅप्रोलॅक्टममध्ये, आणता येते; पॉलिथिलीन वितळवून त्याचे दाणे करता येतात. सगळे एकत्र वितळवले, तर माल कमकुवत होतो. म्हणून शिसे, बोये, दोर वेगळे करणे आणि वाळू-मीठ धुणे हे काम किनाऱ्यावरच व्हायला हवे.

ते कुणी करायचे? राज्याची 2018 ची बंदी पिशव्या आणि एकदाच वापरायच्या वस्तूंवर होती. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, पण ती वेष्टनांपुरती. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात मासेमारीची साधनेही घेतली. केरळात नीण्डकरा बंदरावर 2017 पासून मच्छीमारांनी समुद्रातले प्लॅस्टिक परत आणले. त्याचा चुरा रस्त्यांच्या डांबरात गेला.

सातपाटीत मच्छीमारांच्या सहकाराची जुनी परंपरा आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी किनाऱ्यावरच असतात. तेव्हा संस्थेने जुनी जाळी वजनावर घ्यावीत, निवडणाऱ्यांना मजुरी द्यावी. तो खर्च जाळी बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलावा, शासनाने तसा नियम करावा. नव्या जाळ्यावर थोडी अनामत ठेवून जुने परत केल्यावर ती फेडली, तर जाळे टाकून देणे कुणालाच परवडणार नाही.