पाहुण्यांच्या भाड्यावर तगणारे छप्पर

आयर्लंडच्या पश्चिमेला, डोनेगल, गॅलवे किंवा क्लेअर काउंटीत, मुक्कामासाठी भाड्याने मिळणारी गवती छपराची घरे पाहिली की आधी संशय येतो तो देखाव्याचा. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, आडवे दुभागलेले दार, चुलीत धुमसणारे पीट, हे सारे पर्यटकांसाठी मांडलेले तर नाही? मला मात्र वाटते, की ही घरे पुढे तगायची असतील तर पैसे मोजून राहणारा पाहुणाच त्यांचा सर्वांत भरवशाचा आधार आहे. गवती छप्पर एकदा बांधून जपून ठेवता येत नाही, ते सतत करत राहावे लागते. वाशांवर गवतासकट कापलेल्या मातीचा थर, त्यावर ओट, गहू किंवा राईचा पेंढा. हेझल वा विलोच्या काटक्या मधोमध पिळून, दोन्ही टोके पेंढ्यात खुपसून तो जखडायचा. अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो तिथे छपरावरून दोर टाकून ते वळचणीखालच्या दगडी खुंट्यांना बांधतात. पेंढ्याची शाकारणी साधारण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा करावी लागते, पाणथळीतल्या बोरूचे छप्पर त्याहून बरेच अधिक चालते, पण आढ्यावरची डागडुजी दोन्हींना मध्येच लागते. घराची रुंदी एका खोलीएवढीच, खोलीतूनच खोलीत जायचे, आणि स्वयंपाकघरातल्या चुलीची ऊब वरचे लाकूड कोरडे ठेवते. चूल विझली की ओल चढते, शेवाळ धरते, वासे कुजू लागतात. बनरॅटीसारख्या लोकसंग्रहालयांनी निवडक घरे उत्तम राखली आहेत. रानोमाळ विखुरलेली शेकडो घरे त्यांच्या आवाक्यात कशी येणार?

यावर सर्वांत टोकदार आक्षेप असा, की आयरिश माणसाने स्वतःच हे घर सोडले, मग परक्यांनी त्याचे कौतुक का करावे? आक्षेप खरा आहे. 1971 मध्ये जॅक फिट्झसायमन्स यांचे ‘बंगलो ब्लिस’ हे नकाशांचे पुस्तक आले आणि त्याच्या आधाराने गावोगाव कोरडी, उजेडाची, न्हाणीघर असलेली घरे उभी राहिली. ओल आणि अंधार सोसलेल्या कुटुंबांचा तो निर्णय रास्त होता. म्हणूनच तर पाहुणा हवा. घरच्यांना ज्या छपराखाली बारा महिने काढायचे नाहीत, त्याचा खर्च चार दिवस आवडीने राहणारा उचलू शकतो. डोनेगलमधल्या ग्लेनकोल्मकिलमध्ये फादर जेम्स मॅकडायर यांनी स्थलांतराने रिकाम्या होत चाललेल्या खोऱ्यासाठी सहकारी उद्योग उभारले आणि 1967 मध्ये गवती घरांचे लोकग्राम सुरू केले. त्यांच्यासमोर प्रश्न रोजगाराचा होता, आणि गावाचा जुना वारसा त्यांनी त्याच कामी लावला.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: हे दारिद्र्याचे सुशोभीकरण नव्हे का? 1841 च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. सर्वांत खालचा, एका खोलीच्या मातीच्या झोपड्यांचा. त्या होत्या जवळपास पाच लाख. मध्ये महादुष्काळ आला आणि 1851 मध्ये त्या दीड लाखांहूनही कमी उरल्या, कारण राहणारी माणसे मेली, बोटीने परदेशी गेली किंवा घराबाहेर काढली गेली. आज पाहुणा ज्यात उतरतो ते तीन खोल्यांचे दगडी घर त्या झोपडीचे नव्हे, तिच्याहून बऱ्या स्थितीतल्या लहान शेतकऱ्याच्या घराचे वारस आहे. यजमानाने हा फरक सांगितलाच पाहिजे. तो सांगितला, तर असा मुक्काम गरिबीचे गोडवे गाणारा ठरत नाही.

नव्याने, जुन्या धर्तीवर बांधलेल्या घरांचे काय? 1960 च्या दशकाअखेर शॅननच्या विकास कंपनीच्या पुढाकाराने अशी भाड्याची गवती घरे बांधली गेली. इतिहास म्हणून त्यांची किंमत थोडी, तरी शाकारणाऱ्याच्या हाताला त्यांनीही काम दिले, आणि ते हात नसतील तर जुनी घरेही वाचत नाहीत. हिवाळाभर कुलूपबंद राहणाऱ्या घरांबद्दलची तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. तिथे छप्परही सडते आणि गावही ओस पडते. शिवाय पेंढ्याची अडचण आहे. आजचा गहू बुटका, कम्बाइन हार्वेस्टर त्याचे काड मोडते. छपराला हवे ते उंच वाणाचे, न चुरगळलेले काड. ते मुद्दाम पेरावे आणि जपून कापावे लागते, म्हणून महाग पडते, आणि बरेच मालक बाहेरून आलेल्या बोरूकडे वळतात. त्याने घर कोरडे राहते, पण त्या त्या भागातली छपराची घडण बदलते. शेजारच्या शेतातला पेंढा वापरणारा यजमान रात्रीमागे थोडे जास्त भाडे सांगत असेल, तर ते द्यावे.